पॉपीच्या दिवसांत: लंडन, ईपर आणि नव्ह शापेल

शनिवार, ८ नोव्हेंबर: लंडन

ऑक्टोबर संपत आला की ब्रिटनमध्ये युद्धातल्या मृतांच्या आठवणीसाठी कोटांवर पॉपीची लाल कागदी फुलं दिसू लागतात. बातम्या देणारे, बसचे ड्रायव्हर, फुटबॉलचे खेळाडू, शाळेची पोरं, सगळ्यांच्या छातीवर. ११ नोव्हेंबर उलटला की ती उतरतात. एरवीच्या महिन्यांत हे फूल लावून फिरणारा विरळाच, म्हणून ही प्रथा बघायची तर नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा गाठायला हवा. २०२५ मध्ये स्मरण-रविवार ९ तारखेला आणि पहिल्या महायुद्धाच्या युद्धविरामाचा दिवस, ११ नोव्हेंबर, मंगळवारी होता. त्यामुळे लंडनचा समारंभ पाहून बेल्जियममधल्या ईपर या त्या युद्धातल्या रणभूमीच्या गावीही वेळेत पोचता आलं.

फूल विकत घ्यायला दुकान शोधावं लागत नाही. मोठ्या रेल्वे स्थानकांवर आणि सुपरमार्केटच्या दारात रॉयल ब्रिटिश लीजन या माजी सैनिकांसाठीच्या संस्थेचे स्वयंसेवक खोके घेऊन उभे असतात. फुलाला ठरलेली किंमत नाही, द्याल ती देणगी, आणि कार्डही चालतं. व्हिक्टोरिया स्थानकात एक वृद्ध गृहस्थ छातीवर पदकांची रांग लावून खुर्चीत बसले होते. पैसे खोक्यात पडले की ते स्वतः उठून फूल लावून देत. पिन कशी लावायची, हे त्यांनी न विचारता दाखवलं. वरून खाली एकदा कापडात, मग बाहेर काढून दांड्यावरून पुन्हा कापडात. एकाच टाक्यावर लावलेलं फूल ट्यूबच्या गर्दीत हमखास गळतं.

डावीकडे, हृदयावर लावायचं, असा रिवाज आहे. पान घड्याळातल्या अकराच्या आकड्याकडे वळलेलं असावं असंही पुष्कळजण सांगतात, पण लीजनचा तसा नियम नाही. कुठेही लावा, मनापासून लावा, एवढंच त्यांचं म्हणणं. साडी किंवा ओढणीवर लावायचं असेल तर पिनेऐवजी चिकटवायचं फूल मागून घ्यावं. पावसाळी जॅकेटला पिन टोचू नये, भोकातून पाणी आत येतं.

२०२३ पासून हे फूल पूर्ण कागदाचं झालं आहे. त्यासाठी कॉफीचे कप बनवताना उरलेल्या कचऱ्यातला धागाही वापरतात. आधीच्या फुलाला हिरवा प्लास्टिकचा दांडा आणि मधोमध काळं प्लास्टिकचं बटण असे. जुनी फुलं जपून ठेवलेल्या घरांत बटण निरखून पाहावं. १९९४ पर्यंतच्या बटणावर ‘हेग फंड’ अशी अक्षरं आहेत. पहिल्या महायुद्धातला ब्रिटिश सरसेनापती फील्ड मार्शल हेग याच्या नावाने हा निधी सुरू झाला होता. स्कॉटलंडचं फूल वेगळं, चार पाकळ्यांचं आणि बिनपानाचं.

या प्रथेची सुरुवात सैन्याने केलेली नाही. १९१८ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत मोइना मायकल या शिक्षिकेने युद्धातल्या मृतांसाठी हे फूल कोटाला लावलं आणि इतरांनाही वाटलं. फ्रान्सच्या ॲना गेराँ यांनी कापडी फुलं करून विकायची आणि तो पैसा युद्धाने उद्ध्वस्त झालेल्यांना द्यायचा, अशी मोहीम देशोदेशी नेली. १९२१ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या ब्रिटिश लीजनने ती उचलली आणि त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला पहिला पॉपी दिन झाला. १९२२ मध्ये मेजर जॉर्ज हाउसन यांनी पाच अपंग सैनिकांना घेऊन लंडनमध्ये फुलांचा कारखाना काढला. एका हाताने काम करणाऱ्या माणसालाही जुळवता यावं, असं फूल त्यांनी आखलं होतं. कागद, दांडा, बटण, एवढंच. हा कारखाना नंतर रिचमंडला गेला आणि अजून तिथेच आहे. पॉपीचं मोठेपण आमच्या लेखी इथेच आहे. मेलेल्यांचं नाव घेऊन जिवंतांचं घर चालवण्याची ही व्यवस्था शंभर वर्षं खंड न पडता टिकली आहे.

आपल्याकडे ७ डिसेंबरला ध्वजदिनाचा छोटा कागदी झेंडा मिळतो, त्यामागेही हाच विचार आहे. १९४९ पासून ती प्रथा चालू आहे. शाळेत दोन-पाच रुपये देऊन तो झेंडा सगळ्यांनीच लावलेला असतो. मोठेपणी तो कुठे मिळतो, हे मात्र विचारावं लागतं.

पांढरी पॉपीही दिसते. ती १९३३ मध्ये ब्रिटनमधल्या सहकारी महिला संघटनेने आणली. युद्धच नको, आणि सर्व बाजूंच्या बळींची आठवण हवी, हा तिचा अर्थ. जांभळी पॉपी युद्धात मेलेल्या जनावरांसाठी. कोणती लावायची किंवा लावायचीच नाही, हा ज्याचा त्याचा प्रश्न. परदेशी पाहुण्याने फूल लावलंच पाहिजे अशी कुणाचीही अपेक्षा नसते. २०१८ मध्ये लीजनने खादीच्या पाकळ्यांची पॉपीही काढली होती, पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांसाठी. ती कुणाकडे दिसलीच तर नक्की विचारा, बोलणं सुरू व्हायला एवढं पुरतं.

रविवार, ९ नोव्हेंबर: व्हाइटहॉल

सेनोटाफ या स्मारकस्तंभापाशी होणारा समारंभ सकाळी अकराला असला तरी व्हाइटहॉल या रस्त्याचे पदपथ आठच्या सुमारास उघडतात. विमानतळासारखी तपासणी होते. मोठी बॅग, शिडी, स्टूल असलं काही नेऊ नये. साडेआठनंतर आलेल्यांना माणसांच्या पाठी दिसतात. थंडी हाडात शिरते, तीन तास जागेवर उभं राहायचं असतं, आणि दगडी फरशीतून गारठा वर येतो. जाड तळाचे बूट आणि दोन जोड मोजे हीच खरी तयारी. थर्मासमध्ये चहा न्या, पण बेताने प्या, कारण एकदा बाहेर पडलं की ती जागा परत मिळत नाही.

सेनोटाफ म्हणजे रिकामी समाधी. एडविन लट्यन्सने आखलेला हा पोर्टलंड दगडाचा स्तंभ १९२० मध्ये उभा राहिला. दिल्लीचं इंडिया गेट त्यानेच आखलं. स्तंभावर कोणत्याही धर्माची खूण नाही. साम्राज्यातल्या सगळ्या धर्मांची माणसं पहिल्या महायुद्धात मेली होती, आणि हे भान त्या दगडात उतरलेलं आहे.

अकराला जवळच्या हॉर्स गार्ड्स मैदानावरून तोफ होते आणि दोन मिनिटं शांतता. हजारो माणसं असूनही त्या दोन मिनिटांत झेंड्यांच्या दोऱ्या काठीवर आपटतात तो आवाज येतो. पुन्हा तोफ, मग मरीन दलाच्या बिगुलांवर लास्ट पोस्ट ही मृत सैनिकांना निरोप देणारी धून, मग राजाचं पुष्पचक्र. टीव्हीवर हे दिसतंच. प्रत्यक्षात पाहण्यासारखा भाग त्यानंतरचा आहे. हजारो माजी सैनिक ओळीने चालत जातात. चाकाच्या खुर्चीतले, कृत्रिम पायावर चालणारे, आजोबांची पदकं उजव्या छातीवर लावलेली नातवंडं. पदक स्वतःचं असेल तर डावीकडे, नातलगाचं असेल तर उजवीकडे, हा तिथला संकेत. तेवढं माहीत असलं की समोरून जाणारा कोण आहे हे कळतं.

दुपारी वेस्टमिन्स्टर ॲबीच्या हिरवळीवर जाऊन यावं. तिथे प्रत्येक पलटणीच्या नावाचा तुकडा आखून छोट्या लाकडी खुणा रोवलेल्या असतात, मधोमध पॉपी. ख्रिस्ती क्रूस तर आहेतच, पण ओम, शिखांचा खंडा आणि चंद्रकोर असलेल्या खुणाही मिळतात. ईपरला किंवा फ्रान्समधल्या नव्ह शापेलच्या भारतीय स्मारकावर ठेवायला ओमची खूण इथूनच घेतलेली बरी.

कॉन्स्टिट्यूशन हिलवरचे मेमोरियल गेट्स इथून चालत वीसेक मिनिटांवर आहेत. भारतीय उपखंड, आफ्रिका आणि कॅरिबियनच्या सैनिकांसाठी ते २००२ मध्ये उभारले. तिथल्या छत्रीच्या, म्हणजे छोट्या घुमटी मंडपाच्या, आतल्या बाजूला व्हिक्टोरिया क्रॉस हे शौर्यपदक मिळवणाऱ्यांची नावं आहेत, मान वर करून वाचावी लागतात. बरेचजण खालूनच निघून जातात.

सोमवार, १० नोव्हेंबर: ईपर

सेंट पँक्रसहून ब्रसेल्स, तिथून पश्चिमेकडची गाडी, एवढा सरळ प्रवास. दोन गोष्टी मात्र आधी ठाऊक हव्यात. ब्रिटनच्या व्हिसावर बेल्जियम किंवा फ्रान्समध्ये जाता येत नाही, शेंगेन वेगळा काढावा लागतो. आणि स्थानकाच्या पाटीवर इंग्रजांचं ‘इप्र’ नसतं, फ्लेमिश ‘ईपर’ असतं. रेल्वेच्या ॲपवरही तेच शोधा.

गाडीतून दिसणारा मुलूख अगदी सपाट. साखरेच्या बिटांचे ढीग शेताच्या कडेला, नांगरलेली काळी ढेकळं, त्यावर पाणी साचलेलं. इथे नोव्हेंबरमध्ये एकही खरी पॉपी दिसत नाही. ती मेअखेरीपासून जुलैपर्यंत फुलते. फूलच बघायचं असेल तर जूनमध्ये यावं, माणसांनी लावलेलं बघायचं असेल तर आत्ता.

ही पॉपी म्हणजे आपली खसखस नव्हे. खसखस आणि अफू ज्या झाडापासून मिळते ती जात वेगळी, ही शेतातली रानटी तणाची जात. तिचं बी राईपेक्षाही बारीक, एका झाडावर हजारोंनी धरतं, आणि उजेड मिळाला नाही तर जमिनीत वर्षानुवर्षं झोपून राहतं. जमीन उकरली की बी वर येतं, उजेड लागतो आणि उगवतं. म्हणून नांगरट झालेल्या धान्याच्या शेतात ती पूर्वापार येत होती. १९१४ नंतर इथली जमीन तोफगोळ्यांनी आणि खंदकांनी इतकी उलटीपालटी झाली की बाकी काही उगवायला तयार नसताना पॉपीच उगवली. सैनिकांच्या ताज्या कबरींवर ती फुलण्यात दैवी काही नव्हतं. नुकती खणलेली माती तिला हवी असते आणि ती तिथे होती.

संध्याकाळी चौकातल्या फ्राइट्सच्या गाडीवर गरम बटाटे मिळतात, कागदी कोनात, वर मेयोनेज. शाकाहारी माणसाने आधी विचारावं, कारण बेल्जियममध्ये ते पारंपरिक पद्धतीने गाईच्या चरबीत तळतात. हॉटेलांत चीज क्रोकेट आणि भाज्यांचं सूप मिळतं, थंडीत तेवढ्यावर भागतं. चॉकलेटच्या दुकानांत या आठवड्यात पॉपीच्या आकाराची चॉकलेटं मांडलेली असतात.

रात्री आठला मेनिन गेट या स्मारक-कमानीखाली लास्ट पोस्ट. १९२८ मध्ये ही प्रथा सुरू झाली, आणि १९२९ पासून रोज. जर्मनांनी शहर घेतलं ती १९४० ते १९४४ ची वर्षं सोडली तर एकही रात्र चुकलेली नाही, आणि मुक्त झाल्याच्या संध्याकाळी शहराच्या दुसऱ्या बाजूला लढाई चालू असतानाच बिगुल पुन्हा वाजला. वाजवणारे परंपरेने गावच्या अग्निशमन दलातले. समारंभाच्या वेळी वाहतूक थांबते. सव्वासातपर्यंत पोचलं तर जागा मिळते. टाळ्या वाजवायच्या नाहीत, बोलायचं नाही. पुष्पचक्र ठेवायचं असेल तर लास्ट पोस्ट असोसिएशनकडे आधी नोंद करावी लागते.

या कमानीवर ज्यांचं प्रेत सापडलं नाही अशा ५४,००० हून अधिक सैनिकांची नावं कोरली आहेत. त्यात चारशेहून अधिक भारतीय आहेत. समारंभ संपल्यावर गर्दी पांगली की शांतपणे वाचता येतात. नावांच्या फटीत पॉपी खोचायचा मोह होतो, तो आवरावा. पिन ओलीत गंजते आणि पांढऱ्या दगडावर तपकिरी डाग राहतो. फूल खाली पायरीवर ठेवावं.

कमानीच्या दक्षिणेला तटबंदीवर चढून गेलं की भारतीय सैनिकांचं वेगळं स्मारक आहे, वर सिंहांची राजमुद्रा.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

आज बेल्जियम आणि फ्रान्स दोन्हीकडे सुट्टी. बस कमी, दुकानं निम्मी बंद. पाणी आणि दुपारचं खाणं आदल्या दिवशीच घेऊन ठेवावं. अकराच्या समारंभाला कमानीखाली उभं राहायला प्रवेशपत्र लागतं, ते महिना-दोन महिने आधी शहराच्या पर्यटन कार्यालयाकडून मिळवायचा प्रयत्न करावा. ज्यांच्याकडे नसतं त्यांच्यासाठी ग्रोट मार्क्ट या मुख्य चौकात मोठा पडदा असतो. पडद्यासमोरही माणसं तितक्याच शिस्तीने उभी होती, टोप्या हातात.

सकाळी पॉपी परेड गावातून कमानीकडे जाते. स्कॉटिश बॅगपाइप, शाळेची मुलं, ब्रिटन-कॅनडाचे माजी सैनिक, आणि पुष्पचक्रं घेतलेली साधी कुटुंबं. दोन मिनिटांच्या शांततेनंतर कमानीच्या छतातल्या गोल झरोक्यांतून कागदी पाकळ्या सोडतात. त्या झरझर पडत नाहीत. आत वारा फिरतो, म्हणून तरंगत, गिरक्या घेत, कितीतरी वेळ येत राहतात. खांद्यांवर, बिगुलांवर, टोप्यांवर बसतात. एक बाई आपल्या लहान मुलाच्या केसातली पाकळी काढून त्याच्याच हातात देत होती, आणि तो ती परत आपल्या डोक्यावर ठेवत होता.

दुपारी क्लॉथ हॉलमधलं संग्रहालय बघितलं. हा मध्ययुगीन कापडबाजार युद्धात जवळपास जमीनदोस्त झाला आणि दगड रचत रचत १९६७ पर्यंत पुन्हा बांधून काढला. आत अडीच-तीन तास सहज जातात. मनोऱ्याच्या २३१ पायऱ्या चढून वर गेलं की लढाईची ती कुप्रसिद्ध टेकाडं किती किरकोळ उंचीची आहेत ते कळतं. आपल्या पर्वती-चतु:शृंगीसमोरही ती टिकणार नाहीत, आणि त्या उंचीसाठी लाखो माणसं पडली.

फ्रान्समध्ये याच दिवशी पॉपी नसते, ब्ल्युए नावाचं निळं फूल लावतात. लीलच्या बाजूने आलेल्या पाहुण्यांच्या कोटावर तेच होतं. पॅरिसच्या इनव्हालिद रुग्णालयात जखमी सैनिकांकडून दोघींनी ती फुलं करून घेतली, तिथून ती प्रथा आली. भारतासाठी झेंडूचं फूल स्मरणाचं चिन्ह म्हणून महायुद्धाच्या शताब्दीच्या वर्षांत दिल्लीच्या युनायटेड सर्व्हिस इन्स्टिट्यूशनने पुढे आणलं. हे फार योग्य वाटतं. दसऱ्याला दारावर, देवाला आणि शेवटच्या यात्रेतही जे फूल आपल्या हाताशी असतं, ते आपल्या सैनिकांच्या नावावर ठेवताना काही समजावून सांगावं लागत नाही.

बुधवार, १२ नोव्हेंबर: एसेक्स फार्म आणि नव्ह शापेल

गावापासून उत्तरेला कालव्याच्या कडेने सायकलवर पंधरा-वीस मिनिटांत एसेक्स फार्म येतं. सायकली स्थानकाजवळ आणि काही हॉटेलांत भाड्याने मिळतात. वारा समुद्राकडून येतो आणि आडवा लागतो, हातमोजे विसरू नयेत. १९१५ च्या एप्रिल-मेमध्ये कॅनडाचा डॉक्टर जॉन मॅक्रे इथल्या उपचार केंद्रात जखमींवर काम करत होता. २ मे रोजी त्याचा तरुण मित्र ॲलेक्सिस हेल्मर तोफगोळ्याने मेला, आणि दुसऱ्या दिवशी मॅक्रेने ‘इन फ्लँडर्स फील्ड्स’ ही पॉपींची प्रसिद्ध कविता लिहिली. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ती लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकात आली. मोइना मायकलने पॉपी लावली ती हीच कविता वाचून. आज दिसतात त्या काँक्रीटच्या खोल्या नंतरच्या. मॅक्रेच्या वेळी कालव्याच्या बांधात खोदलेल्या मातीच्या बिळांतच काम चालायचं. बाराशेच्या आसपास कबरी आहेत. सर्वांत जास्त पॉपी पडतात त्या व्हॅलेंटाइन स्ट्रडविकच्या कबरीवर. तो पंधरा वर्षांचा होता.

मॅक्रे इथे असतानाच, २६ एप्रिलला, जवळच भारतीय सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने विषारी वायूच्या तोंडावर हल्ला चढवला होता. त्या एका दिवसात सुमारे दोन हजार माणसं मेली किंवा घायाळ झाली. याच डिव्हिजनमध्ये खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या, म्हणजे लष्करी बांधकाम करणाऱ्या दलाच्या, २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या होत्या. एसेक्स फार्मच्या पाट्यांवर कॅनडा भरपूर आहे, हे मात्र आपलं आपणच वाचून जायला हवं.

शेताच्या कडेला, विजेच्या खांबापाशी गंजलेला लोखंडी तुकडा दिसला तर हात लावू नये. न फुटलेले गोळे अजून दरवर्षी नांगराला लागतात आणि शेतकरी ते लष्कराच्या गाडीसाठी रस्त्याकडेला ठेवतात.

नव्ह शापेलला जायला गाडीच हवी. ईपरहून सीमा ओलांडून तासाभराचा रस्ता. सार्वजनिक वाहनाने लीलहून जाता येतं, पण शेवटचे काही किलोमीटर टॅक्सीवर अवलंबून राहावं लागतं. खायचं सोबत असलेलं बरं.

ला बोंब नावाच्या चौकात गोल भिंतीचं आवार आहे. वर कमळ असलेला पंधरा मीटर उंचीचा स्तंभ, पायथ्याशी दोन वाघ, कडेला जाळीच्या दगडी भिंती आणि छत्र्या. फ्रान्सच्या ओल्या शेतात हे अचानक समोर येतं. आखणी हर्बर्ट बेकरची, दिल्लीच्या सचिवालयांच्या इमारती बांधणाराच. ७ ऑक्टोबर १९२७ ला उद्घाटन झालं. ‘ईश्वर एक आहे, विजय त्याचाच’ या अर्थाचं वाक्य देवनागरीतही कोरलेलं आहे. भिंतीवर ज्यांना कबर नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावं.

बॉम्बे सॅपर्सच्या त्याच दोन कंपन्या २८ ऑक्टोबर १९१४ ला ४७ व्या शिखांबरोबर या गावात घुसल्या. खंदक खणणारी, पूल बांधणारी माणसं त्या दिवशी घराघरातून संगिनीने लढली. मदत न पोचल्याने मागे हटावं लागलं. पुढच्या मार्चमध्ये भारतीय कोअरने ब्रिटिश फौजेसोबत गाव घेतलं, त्या लढाईत चार हजारांहून अधिक भारतीय कोअरचे सैनिक कामी आले वा जखमी झाले. गढवालचा गबर सिंग नेगी १० मार्चला पडला, त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याचं नाव इथेच आहे. सॅपर्स आणि मायनर्सचा विभाग शोधावा. ‘सॅपर’ या हुद्द्याखाली ओळखीची मराठी नावं लागत जातात.

पाहुण्यांच्या वहीत शीख आणि पंजाबी नावं भरपूर, मराठी मोजकी. समोरच्या पोर्तुगीज दफनभूमीतही त्या दिवशी ताजी फुलं होती. ईपरला दरवर्षी जाणाऱ्या आपल्या मंडळींनी अर्धा दिवस काढून इथवर यावं, ही मनापासूनची विनंती आहे.

येणाऱ्यांसाठी

पॉपीच्या बियांची पाकिटं ईपरच्या दुकानांत आठवण म्हणून विकतात. ती घेऊ नका. भारतात बी आणायला परवाना लागतो. आणि परतीचं विमान दुबईमार्गे असेल तर पॉपीचं बी, अगदी खसखसही, जवळ सापडणं हा तिथे गुन्हा ठरतो. याच जातीचं शर्ली पॉपीचं बी पुण्या-नाशिकच्या रोपवाटिकांत हिवाळ्यात मिळतं. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बारीक वाळूत मिसळून थेट वाफ्यात किंवा कुंडीत पेरावं. वर माती घालू नये, नुसतं दाबावं. रोप उपटून दुसरीकडे लावलं तर सोटमूळ दुखावतं आणि मरतं. फेब्रुवारीत फुलं येतात, एकेक फूल दिवस-दोन दिवस टिकतं.

घरातलं कुणी पहिल्या महायुद्धात गेलं होतं असं ऐकत आला असाल, तर निघण्याआधी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. सेवा ‘इंडियन आर्मी’ निवडा आणि स्पेलिंग मोकळं ठेवा. पवार ‘पोवार’ होतात, शिंदे ‘सिंदे’. आडनावाने लागलं नाही तर गाव किंवा तालुक्यावर शोधा, कारण बऱ्याच नोंदींत बापाचं नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. रत्नागिरी तेव्हाही रत्नागिरीच, पण रायगड कुलाबा म्हणून सापडेल. मराठा पलटणी मुख्यतः मेसोपोटेमियात लढल्या, त्यामुळे शोध बहुधा इराकमधल्या बसरा स्मारकावर जाऊन थांबेल. तिथल्या भिंतीवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं होती, साध्या शिपायांचा पलटणीच्या नावाखाली फक्त आकडा. कमिशनने २०२१ च्या अहवालात ही असमानता मान्य केली आहे. नावं नोंदवहीत आहेत आणि आता संकेतस्थळावर वाचता येतात. ते पान छापून घ्या, पलटण आणि तारीख लिहून ठेवा. पुढचं पलटणीच्या केंद्रातून मिळू शकतं. मराठ्यांसाठी बेळगाव, सॅपर्ससाठी खडकी.